कानातला कापूस

छातीवर एक थाप, पँटच्या दोन्ही खिशांवर दोन, कमरेच्या पट्ट्यावर एक, आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हलकी टपली. ते जड दार उघडायच्या आधी तो माणूस एवढं करायचाच. दिवसातून दहा वेळा आत जायचा, तर दहाही वेळा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी हरवलंय. खरं तर अंगावर काही सापडू नये म्हणून ती झडती असायची.

मग तीच झडती तो पेशंटकडून करवून घ्यायचा. "करा माह्यासारखं. छाती, खिसे, कंबर, डोकं." धोतरातले म्हातारे त्याच्यासमोर उभे राहून आपल्याच अंगावर थापा मारायचे. भोवती काळजीनं चेहरे सुकलेले नातेवाईक असायचे, पण तेही त्या कवायतीला हसायचे. कुणाच्या बंडीतून तंबाखूची डबी निघे, कुणाच्या कंबरेतून पेटीची किल्ली. सगळं निघालं की तो म्हणायचा, "लोखंड बाहेर, माणूस अंदर." आणि दार उघडायचा.

यवतमाळच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयचं मशीन चालवणारा हा माणूस. नाव सांगत नाही, त्याला आवडलं नसतं. तसंही त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. पेशंटपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा तो 'फोटोवाले भाई'. नेरहून रोज सकाळच्या एसटीनं यायचा. जेवणाचा डबा प्लास्टिकचा, पाण्याची बाटली प्लास्टिकची, आणि चपलेला खिळा असू नये म्हणून चपलाही रबरी. वडिलांचं नेरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, दोन्ही भाऊ गॅरेजवाले. "आमचं सारं खानदान लोखंडावर जगते," तो म्हणायचा, "मी एकलाच लोखंड बाहेर ठेवून जगतो."

आणि मी तिथे सिस्टर होते. त्या वेळची मी तुम्ही पाहिली नाहीत, हे तुमचं नशीब. वय पंचेचाळीस, कांजी केलेली पांढरी साडी, नाक वर. वीस वर्षं वॉर्डात काढून आलेली, त्यामुळे पेशंट दारातून आत येईपर्यंत माझं निदान तयार असायचं. डॉक्टरांनी तेच सांगितलं तर मी "हं" करायची. वेगळं सांगितलं तर गप्प बसायची, पण अशी गप्प बसायची की डॉक्टरांनाच चुकल्यासारखं वाटावं. मला माझं हे फार कौतुकाचं वाटत असे.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. भाईंनी मला दारापाशी थांबवलं. "सिस्टरबाई, थापा मारा."

"मी नर्स आहे," मी म्हटलं. "मला माहीत आहे लोखंड कशाला म्हणतात."

"डोक्यावर बी मारा."

"माझ्या डोक्यात काही नाही."

हे वाक्य मी कोणत्या तोंडानं बोलले ते आठवलं की आजही एकटी हसते. आत पाऊल टाकून मशीनपासून चार हातांवर गेले असेन, तोच माझ्या अंबाड्यात काहीतरी वळवळलं. पुढच्या क्षणी केसांचे आकडे एकामागून एक सुटले, टण टण करून मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटले, आणि त्यांच्यासोबत माझं गंगावनही गेलं. माझे केस त्या काळात विरळ झाले होते आणि ती गोष्ट मी, माझी लेक आणि आरसा एवढ्यांनाच ठाऊक होती. आता ते गंगावन मशीनच्या गोल तोंडावर मिशीसारखं लटकत होतं.

भाई आत आले. एक एक आकडा ओढून काढला, गंगावन झटकलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि माझ्याकडे न बघता हातात दिलं. "सिस्टरबाई, तुमचं सामान."

ही गोष्ट त्यांनी सेंटरमध्ये कुणालाही कधीच सांगितली नाही. मी मात्र महिनाभर रोज वाट पाहत होते, की आज सांगतील, उद्या सांगतील. त्या धाकात मी त्यांच्याशी नीट बोलायला शिकले.

त्यांच्या टेबलाच्या खणात पेन्सिली ठेवायची एक प्लास्टिकची पेटी होती. आत हळकुंडं आणि पिवळा दोरा. नवीन माणसाला नवल वाटायचं, हा नमाजी माणूस हळकुंडं कशाला बाळगतो? कारण असं, की खेड्यातल्या बाया सगळं काढून द्यायला तयार व्हायच्या, पण गळ्यातलं डोरलं काढायचं म्हटलं की अडून बसायच्या. नवरा आत मशीनमध्ये असो की बाहेर उभा असो, डोरलं निघणार नाही म्हणजे नाही. आधीच्या नोकरीत त्यानं यावरून फार भांडणं पाहिली होती. इथे आल्यावर त्यानं बाजारातून हळकुंडं आणली. डोरलं काढायच्या आधी गळ्यात दोऱ्यात ओवलेलं हळकुंड, मग डोरलं बाहेर. गळा एक क्षणही रिकामा राहत नाही, आणि हळकुंडाला मशीन काही करत नाही. सगळ्यांचं समाधान.

बांधायचं काम मात्र तो करू शकत नव्हता. ते माझ्याकडे यायचं, आणि मी ते शिताफीनं पेशंटच्या जावेकडे, नणंदेकडे ढकलायची. माझा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. विधवेच्या हातानं सुवासिनीच्या गळ्यात दोरा? कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. मीच म्हणत होते. माणसाच्या नाकातून पोटात नळी घालणारी मी, एका पिवळ्या दोऱ्याला भीत होते.

एकदा जाऊही नव्हती आणि नणंदही. भाईंनी पेटी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टरबाई, याच हातानं सलाईन लावता ना? ते चढतेच ना?" एवढंच बोलले. मी दोरा बांधला. त्या बाईच्या नवऱ्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखून घेतलं, हेही कबूल करते.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसले, तो दिवस.

ती वर्षं आपल्या जिल्ह्यानं कशी काढली ते तुम्हाला सांगायला नको. बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, भाव पडले होते, आणि घराघरात फवारणीच्या औषधाचे डबे होते. सकाळचा पेपर उघडायला हात धजत नसे. त्याचा परिणाम आम्हा दवाखान्यातल्या लोकांवर असा झाला, की बेशुद्ध माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. काय घेतलं? किती घेतलं? माणूस जिन्यावरून पडलेला असो की साखर उतरलेला असो, आमचं नाक आधी औषधाचा वास शोधायचं.

दसऱ्याच्या पुढेमागे, दुपारी, फुलसावंगीकडून एक जीप आली. आत एक पोरगी. वय बावीस-तेवीस. पहाटे झटके आले, मग शुद्ध गेली, वाटेतल्या एका दवाखान्यात पुन्हा झटके आले, आणि तिथून मेंदूचा फोटो काढायला आमच्याकडे पाठवली. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, विषबाधेचा संशय. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, साडी अस्ताव्यस्त. आणि अंगाला फवारणीच्या औषधाचा वास.

मला आणखी काय हवं होतं? मी तिच्यावर वाकले, नाक फेंदारलं, आणि सरळ होऊन जाहीर केलं, "औषधच आहे हे." तिच्या नवऱ्याला विचारलं, "घरात भांडण झालं होतं का?" हळू विचारलं नाही. हळू विचारणं तेव्हा मला जमत नसे. बसलेली सगळी माणसं त्याच्याकडे वळून बघायला लागली. तो पोरगा खांबाला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. वाटेत त्याला हे सगळ्यांनीच विचारलं असणार. त्याच्या तोंडातून "नाही" सुद्धा नीट निघेना.

तिची सासू स्ट्रेचरची दांडी धरून होती. तिनं डोरलं काढू द्यायला नकार दिला. "काहाडू नका वं बाई. पोट्टी इकडची नाही अन् तिकडची नाही, अशात काहाडू नका." मी हळकुंड बांधलं. बांधताना ती बाई माझ्या रिकाम्या कपाळाकडे बघत होती.

भाईंनी पोरीला मशीनच्या पाटावर घेतलं. ते मशीन चालू झालं की टिनाच्या छपरावर दगड पडल्यासारखा आवाज करायचं, म्हणून प्रत्येक पेशंटच्या कानात स्पंजचे बोळे घालायची पद्धत होती. भाईंनी तिच्या डोक्याचं फडकं सोडलं, बोळा घ्यायला हात पुढे केला, आणि थांबले.

"सिस्टरबाई."

"काय?"

"हिच्या कानात कापूस हाये."

"मग काढा की."

"काहाडतोच. पण पाहा ना तुम्ही. दोन्ही कानात. अन् वरून फडकं."

मी पाहिलं. खरं म्हणजे ते फडकं मी आधीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण डोक्यात औषधाचा डबा आधीच बसलेला होता. तुम्हीच सांगा, आपल्याकडे डोक्याला फडकं आणि कानात कापूस कोण घालतं? वारा लागू नये म्हणून?

भाई तोवर बाहेर जाऊन सासूपाशी उकिडवे बसले होते. "मावशी, लेकरू कुठी हाये?"

ती बाई इतका वेळ कोरडी होती. आता तिचा बांध फुटला. "घरी हाये. तिच्या मोठ्या जावेपाशी. सात दिवसाचं हाये बापा. हिले माय नाही, म्हणून बाळंतपण आमच्याच इथं केलं."

"सांगतलं काहून नाही तुम्ही कोणाले?"

"कोणी विचारलं काय? सारे मले एकच विचारतेत, कोणतं औषध, कोणतं औषध. लेकराचं कोणी विचारलंच नाही! दोन दिवसापासून डोकं दुखते म्हणे पोट्टी. डोयापुढं अंधारी येते म्हणे. आमी म्हटलं, अशक्तपणा हाये."

"अन् वास?"

"त्या जीपीत फवाऱ्याचे पंप नेतेत. तिथंच निजवून आणली."

पोरीला पुन्हा बाहेर आणून मी रक्तदाब घेतला. आत नेण्याआधी घ्यायचा असतो, ते माझं काम होतं, आणि मी नाकानं निदान केल्यामुळे ते राहून गेलं होतं. पारा वर चढतच गेला आणि मी डॉक्टरांना हाक मारली. चिठ्ठीवरही रक्तदाब वाढलेला लिहिला होता, पण झटक्यानंतर वाढतोच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला. आमच्या डॉक्टरांनी फोन लावला, आमच्या दवाखान्यांच्या गल्लीतलेच फिजिशियन धावत आले, इंजेक्शनं सुरू झाली, आणि पारा जरा उतरल्यावर तिला आत घेतलं.

आता इथे थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाळंतपणाच्या आसपास रक्तदाब फार चढला, तर कधी कधी मेंदूला सूज येते. पाणी झिरपतं आणि भरतं. ही सूज बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या बाजूला येते, म्हणूनच डोळ्यांपुढे अंधारी. वेळेत ओळखली, दाब उतरवला, तर आलेली सूज तशीच निघून जाते. अशा दोन बाया आम्ही पाहिल्या होत्या. मशीनच्या फोटोत मेंदूचा मागचा भाग पांढरा दिसायचा, डॉक्टर एका नजरेत सांगायचे.

या पोरीचा फोटो आला तर मागचा भाग स्वच्छ! पांढरं होतं ते भलतीकडेच. खाली, जिथे मेंदूचं देठ असतं, जिथून श्वास चालतो, नाडी चालते, तिथे.

दोन्ही डॉक्टर पडद्यापाशी आले. "ही ती सूज नाही," फिजिशियन म्हणाले. "मागे काहीच नाही. देठाचा रक्तपुरवठा बंद पडलेला दिसतो. तसं असेल तर..." ते थांबले. दाराच्या काचेपलीकडे सासू दिसत होती. "तसं असेल तर घरी न्यायला सांगावं लागेल."

घरी न्या, या दोन शब्दांचा अर्थ त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होता.

भाई मागे उभे होते. डॉक्टरांच्या बोलण्यात तोंड घालायची त्यांची रीत नव्हती. त्या दिवशी घातलं. "साहेब, भिजलेला कापूस अन् सडलेला कापूस वरून सारखाच दिसते."

"काय?"

"बाजारात ढीग पाहतेत ना. वरून पाहून समजत नाही. हात अंदर घालून पाहावं लागते. भिजला असंन तर वाळते. सडला असंन तर गेला." मग जरा चाचरत म्हणाले, "तो दुसरा फोटो घेऊ काय? पाण्याचा?"

तो दुसरा फोटो म्हणजे डिफ्यूजन. नुसत्या फोटोत सुजलेला भाग आणि मेलेला भाग दोन्ही पांढरेच दिसतात. या फोटोत आतलं पाणी मोकळं फिरतंय की पेशींत कोंडलंय ते कळतं. मोकळं असेल तर सूज, म्हणजे आशा. कोंडलं असेल तर तो भाग गेला. पण आमचं मशीन जुनं. या फोटोला ते हटकून रुसायचं, आणि पेशंट केसभर हलला तरी सगळं पुसट. पोरगी तर बेशुद्धीतच पाय झाडत होती. गुंगीचं आणखी द्यायला डॉक्टर तयार नव्हते, श्वास थांबेल म्हणून.

"हलेल ती," आमचे डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही बटण दाबा साहेब. मी अंदर बसतो."

भाईंची ही एक जुनी खोड. घाबरलेला पेशंट असला की ते आत पायापाशी बसायचे आणि पायाचा अंगठा धरून ठेवायचे. मुठीत, हलकेच. का ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "अंगठा धरला की माणसाले वाटते, आपण बांधेल आहो, उडून जात नाही," असं काहीतरी म्हणायचे. पण ही परकी पोर, बाळंतीण. ते आधी बाहेर गेले. "मावशी, तुमच्या सुनेच्या पायाले हात लावू काय?"

सासू म्हणाली, "लाव बापा, तुही बहीण समज."

आणि मग तो माणूस दारापाशी येऊन थांबला आणि थापा मारायला लागला. छाती. खिसे. मला राहवलं नाही. "भाई, आता तरी पुरे करा! चला आत!"

"थांबा, सिस्टरबाई," ते म्हणाले, आणि छातीवरचा हात तिथेच राहिला. खिशात पेन होतं. डॉक्टरांचं, लोखंडी क्लिपचं. मघाशी सासूचं नाव-गाव लिहून घ्यायला उचललेलं. तिच्या डोक्याच्या दिशेनं ते कसं सुटलं असतं ते मला माझ्या आकड्यांवरून चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, कंबर चाचपली, डोक्यावर टपली मारली, आणि आत गेले.

काचेतून मला दिसत होतं ते एवढंच. नळकांड्यातून बाहेर आलेले दोन पाय, कडेला जुन्या मेहंदीचा लालपणा, आणि एक माणूस मान खाली घालून अंगठा धरून बसलेला. त्यांचे ओठ हलत होते. मशीनच्या दणदणाटात ऐकू येत नव्हतं, पण शब्द मला पाठ होते. "हलू नको, बाई. हललं का फोटो गेला. हलू नको." दुवा मागत होते की पोरीशी बोलत होते, कोण जाणे. त्यांच्यात त्या दोन गोष्टी फार लांब नव्हत्या.

पाय थांबले. माझ्या शिक्षणाप्रमाणे तो योगायोग होता. मी माझ्या शिक्षणाला त्या दिवशी गप्प बसवलं.

मशीन रुसलं नाही. पडद्यावर चित्र उतरत आलं आणि दोघेही डॉक्टर पुढे वाकले. आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या तोंडून शास्त्रातला शब्द निघायच्या ऐवजी निघालं, "भिजलंय. सडलेलं नाही."

फिजिशियन तोवर दाराकडे पळाले होते. झटक्यांचं औषध, दाबाचं औषध, मोठ्या दवाखान्यात पलंग, सगळं पुढच्या पंधरा मिनिटांत. सूज तीच होती, फक्त नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसलेली.

पाचव्या दिवशी कळलं, पोरीनं डोळे उघडले आणि आधी लेकराला दूध कुणी पाजलं ते विचारलं.

सव्वा महिना सरल्यावर ते सगळे पुन्हा आले, दुसऱ्या फोटोसाठी. पोरगी स्वतःच्या पायांनी चालत, सासूच्या कडेवर लेकरू. डोरलं काढायची वेळ आली तेव्हा आजूबाजूला जावा-नणंदांची काही कमी नव्हती. मी सवयीनं पेटी एकीकडे सरकवली. सासूनं ती उचलून परत माझ्याकडे दिली. "तुमीच बांधा. मांगं तुमीच बांधलं होतं." मी दोरा बांधला. गाठ दुसऱ्यांदा बसली, आणि भाई मोठ्या सभ्यपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

तिचा नवरा माझ्याकडे बघत नव्हता. कसा बघेल? भाई माझ्या कानाशी आले. "सिस्टरबाई, त्या पोट्ट्याले चहा पाजा. तुमच्या हातानं."

मी चहा नेला. माफी मागायचे शब्द वाटेतच विसरले. "साखर कमी असेल," एवढंच निघालं. तो म्हणाला, "नाही, बराबर हाये." त्यानं माझ्याकडे पाहिलं. चहात मी साखर घातलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

भाईंनी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि अख्ख्या कुटुंबाला बोलावलं. तसं करायची पद्धत नव्हती. डॉक्टरांनी चालवून घेतलं. पहिल्या फोटोतला पांढरा डाग त्यांनी बोटानं दाखवला, मग दुसऱ्या फोटोतली तीच जागा. स्वच्छ, करडी.

सासू दोन्ही फोटोंपाशी सरकली. "मंग ते पांढरं गेलं कुठी?"

"वाळलं, मावशी," भाई म्हणाले.

पुढे मशीन विकलं गेलं, सेंटर बंद झालं, मी लेकीकडे राहायला गेले. भाई नेरलाच राहिले. ईदला त्यांचा फोन यायचा, दिवाळीला माझा जायचा. एका दिवाळीला फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

मी एसटीनं नेरला गेले. तिनं मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि डोळे पुसता पुसता एक गोष्ट सांगितली. शेवटच्या आजारात त्यांना नागपूरला एमआरआयसाठी नेलं होतं. बोलणं जवळपास बंद झालेलं. स्ट्रेचरवर निजून त्यांनी छातीवर एक थाप मारली, कमरेवर एक, डोक्यावर एक. पोरांना वाटलं, तडफड चालली आहे. मग मशीन चालवणाऱ्या तरण्या पोराकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाले, "खिशात पेन हाये तुह्या."

"था क्या?" मी विचारलं.

"था ना, बाजी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. बाहेर बसलेल्या माणसांना ते ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

गेल्या महिन्यात माझी नात बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी घरी आली, आणि मी कापूस पिंजून दोन बोळे घेऊन तिच्या पलंगापाशी उभी राहिले.

"आजी, तू नर्स होतीस ना?" ती म्हणाली. "कानातून वारा शिरतो हे तू मानतेस?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी तिचा रक्तदाब घेतला. सकाळी घेतला होता, तरी पुन्हा घेतला. पारा जिथे असायला हवा तिथे होता. मग तिचा एक कान धरला, दुसरा धरला, आणि दोन्हीकडे कापूस बसवला. वारा लागू नये म्हणून नाही. चुकूनमाकून कधी मी शेजारी नसले, आणि हिला बोलता येत नसलं, तर कुणालातरी दिसावा म्हणून.

"हलू नको," मी तिला म्हटलं, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून तिचा अंगठा मुठीत धरला.